ग्रहण सातव्या महिन्यात, ओठ दुसऱ्या महिन्यात

"वेध लागल्यावर सांबार चिरला व्हता तिनं. मंग ओठ फाटन नाही तं काय!" आजीनं निकाल देऊन टाकला. यवतमाळच्या दारव्हा तालुक्यातलं एक गाव, डिसेंबर २०२५, कापूस वेचणीची धांदल. (विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी इडली मनात आणू नये.) आशाताई चौदाव्या दिवसाच्या गृहभेटीला निघाल्या होत्या, मी सोबत गेलो होतो. बाळाचा वरचा ओठ पार नाकपुडीपर्यंत दुभंगलेला. ताईंनी हात धुतले, करंगळीनं बाळाची टाळू आतून चाचपली, मग मोबाईलच्या उजेडात पाहिली. टाळू अखंड होती. बाळ ती करंगळीच चोखायला लागलं. सून भिंतीकडे तोंड करून बसली होती.

आजीला हसायचं कारण नाही. बाळात व्यंग दिसलं की माणूस मागचे नऊ महिने उलगडून बघतो आणि काहीतरी सापडतंच. शेजारणीचं बाळ धडधाकट निघालं, तिला त्या दिवशी काय चिरलं हे कोण विचारणार? संशोधनातला हा जुनाच सापळा आहे: ज्यांच्यावर प्रसंग ओढवला त्यांना जास्त आठवतं. म्हणून दोष असलेल्या बाळांच्या आयांना जे प्रश्न विचारायचे, तेच तितक्याच बारकाईनं दोष नसलेल्या बाळांच्या आयांनाही विचारावे लागतात. आणि ग्रहणाचं म्हणाल तर एका सूर्यग्रहणापासून पुढचं सूर्यग्रहण जगात कुठे ना कुठे सहा महिन्यांच्या आत होतंच. म्हणजे ग्रहणाविना गरोदरपण नाहीच. २०२५ साली चार ग्रहणं झाली, भारतातून दिसलं ते ७ सप्टेंबरचं चंद्रग्रहण तेवढं.

पण आयांचं बोलणं कधीकधी खरंही निघतं. १९४१ साली सिडनीतले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं एकामागून एक येऊ लागली. आयांच्या बोलण्यातून कळलं, की दिवस राहिल्यावर सुरुवातीलाच त्यांना रुबेला झाला होता, म्हणजे चार दिवसांचं पुरळ, एरवी कुणी मनावरही न घेणारं. ग्रेग यांनी इतर डॉक्टरांकडूनही माहिती गोळा केली, ७८ बाळं मोजली, आणि रोग व महिना यांचा मेळ बसला. पुढे लस आली. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ पासून शाळाशाळांतून टोचली गेली ती गोवर-रुबेलाची लस हीच. ग्रेग यांच्या आयांची आठवण आणि आमच्या आजीची आठवण, फरक एवढाच की एकीच्या तारखा जुळल्या.

तारखांवरच सगळं अडतं. या सुनेची शेवटची पाळी १ मार्चची. म्हणजे गर्भ राहिला मार्चच्या मध्याला. पाठीच्या कण्याची आणि मेंदूची पहिली घडण असलेली मज्जानलिका गर्भधारणेपासून २८ दिवसांत बंद होते, म्हणजे १२ एप्रिलच्या सुमाराला. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. उन्हानं चुकली असेल, असंच घरात म्हणतात. ही नलिका खाली उघडी राहिली तर पाठीवर फोड घेऊन बाळ जन्मतं, वर उघडी राहिली तर कवटीच तयार होत नाही. आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड दिलं तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं, हे १९९१ साली सात देशांतल्या चाचणीनं दाखवलं. पण आपल्याकडे गोळी हातात पडते नाव नोंदवल्यावर. तोवर नलिकेचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. शाळेत मुलींना आठवड्याला मिळणारी लोह आणि फॉलिकची निळी गोळी म्हणूनच मला फार मोलाची वाटते. लग्नानंतर मात्र ती बहुधा सुटते.

या फॉलिकचा माग मुंबईतून सुरू झाला, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली, गिरणीकामगार गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा शोध घ्यायला. यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो हे तिला दिसलं. त्या अर्कातलं द्रव्य १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक म्हणू लागले. सांबारातही ते असतं.

आता मोजदाद. फाटलेला ओठ साधारण सातशे ते हजार बाळांमागे एकाचा. एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली तीसेक हजार लोक. हजारी पंधरा जन्म धरले तर वर्षाला साडेचारशे बाळं. म्हणजे दोनेक वर्षांत एखादं. एवढ्यावरून कुठलीच सिस्टर किंवा डॉक्टर कारण ओळखू शकणार नाही. थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधानं सुमारे दहा हजार बाळांचे हातपाय खुरटल्यावर १९६१ मध्ये ते मागे घेतलं गेलं. त्यानंतर जगभर जन्मदोषांच्या कायमच्या नोंदवह्या सुरू झाल्या. अमेरिकेतल्या अटलांटा शहरातली १९६७ ची. आपल्याकडे २०१३ साली पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम निघाला, मुलं तपासायला त्याची गाडी अंगणवाडीत आणि शाळेत येते. पण मृत जन्मलेलं बाळ, किंवा अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत दोष दिसल्यावर केलेला गर्भपात, हे मोजलं नाही तर दोष कमी झाल्याचा नुसता भास होतो.

यवतमाळात मला हमखास विचारतात, फवारणीमुळे होतं का हो असं? विचारणं रास्त आहे. २०१७ च्या हंगामात इथे फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. फाटलेल्या ओठाशी विडी-सिगारेटचा, फिटच्या काही औषधांचा, आधीपासूनच्या मधुमेहाचा संबंध दिसून आला आहे. फवारणीचं उत्तर हवं तर कोणत्या शेतात कोणतं औषध कधी मारलं आणि तेव्हा बाई कितव्या आठवड्यात होती, हे त्या त्या वेळी लिहिलेलं हवं.

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आजीपुढे धरलं. ओठ जुळतो गर्भ चार ते सात आठवड्यांचा असताना, म्हणजे १२ एप्रिल ते ३ मे. ग्रहण सप्टेंबरात, तेव्हा सुनेला सातवा लागलेला. आजीनं बोटांची पेरं मोजली, पुन्हा मोजली.

"मंग तवा काय झालं व्हतं?"

आशाताईंनी नोंदवही उलटली. सुनेच्या नावापुढे पहिली नोंद १७ जूनची होती.