चेक डोंगर, अमूर्त चित्रं आणि 'बंदी'ची भानगड

आजच्या चेक, म्हणजे झेक प्रजासत्ताकातल्या, चित्रकारांची डोंगरांची अमूर्त चित्रं ऑनलाइन विक्रीला येतात ना, राखाडी-निळे पट्टे, एक तिरकी रेघ म्हणजे कडा, त्यांच्या माहितीत बरेचदा एक वाक्य असतं की तिकडे चाळीस वर्षं अमूर्त कलेवर बंदी होती. वाक्य अगदीच खोटं नाही, पण वाटतं तेवढं सरळही नाही, आणि किंमत चढवायला मात्र फार कामाचं.

जुनं पटकन उरकतो. पोलंडच्या सीमेवर कर्कोनोशेची रांग आहे, १६०३ मीटरचं स्न्येझ्का शिखर तिथलंच, तिकडे १९व्या शतकात जर्मन रोमँटिक चित्रकार धुकं आणि कडे बघायला जायचे. मग १९१२ ला पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात एका चेक चित्रकाराने थेट अमूर्त चित्रं लावली, जगात अशी चित्रं जाहीरपणे दाखवणाऱ्या पहिल्या काहींपैकी तो एक.

१९४८ ला कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि भिंतींवर कामगार आणि ट्रॅक्टर यांचीच चित्रं. अमूर्तवाले स्टुडिओत कोंडले गेले, १९६० मध्ये प्रागला स्टुडिओतच ओळखीच्यांपुरती प्रदर्शनं झाली, पुढे थोडी मोकळीक मिळते न मिळते तोच ऑगस्ट १९६८ ला सोव्हिएत रणगाडे देशात शिरले. नंतर कलाकारांची जुनी संघटना मोडून नवी काढली आणि तिच्यात निवडक लोकच घेतले.

खरा गुंता इथे आहे. संघटना वेगळी आणि काम देणारा, विक्री बघणारा सरकारी फंड वेगळा. संघटनेबाहेर पडलं की मोठी प्रदर्शनं संपली, पण फंडात नोंद टिकली तर पोटापुरतं काम मिळू शकायचं. त्यात १९६५ चा सरकारी ठराव, की सरकारी बांधकामाच्या खर्चातले १ ते ४ टक्के कलेवर घालायचे. त्यामुळे कॅनव्हासवर जे अडायचं तेच काचेत, सिरॅमिकमध्ये, काँक्रीटमध्ये सजावट म्हणून बिनबोभाट पास व्हायचं. लिबेरेत्स शहराजवळच्या १०१२ मीटरच्या येश्त्येद डोंगरावरचं हॉटेल कम टीव्ही टॉवर घ्या, १९७३ ला पूर्ण झालं, डोंगराचा उतारच वाकत वाकत वर निमुळता होत गेलाय आणि आत गाभ्याच्या उघड्या काँक्रीटमध्ये काचेचे ओबडधोबड तुकडे बसवलेत, उल्का आदळून रुतल्यात अशी कल्पना. सगळं सरकारी पैशातून! ज्यांना दोन्हीकडून बाहेर काढलं त्यांचे हाल झालेच, ते कोण नाकारतंय, पण 'बंदी' या एका शब्दात हे सगळं कोंबलं की येश्त्येद कुठे बसवायचा?

आणखी एक गोष्ट विक्रीच्या मजकुरात सहसा नसते. कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या धुरामुळे आम्लपाऊस पडून तिकडच्याच यिझेरा डोंगरातली स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची जंगलं ७०-८० च्या दशकांत मेली, माथ्यावर नुसते करडे बुंधे उभे. आज पन्नाशीतल्या तिथल्या चित्रकाराच्या उभ्या राखाडी रेघा म्हणजे निव्वळ स्टाइलच असेल असं मला तरी वाटत नाही.

१९८९ नंतर फंडाची मक्तेदारी गेली, खाजगी गॅलऱ्या आल्या, लिलाव आले, आता चित्रकार स्वतःच फोटो टाकून विकतात. युरोपियन युनियनच्या २००१ च्या नियमाने फेरविक्रीत चित्रकाराचा वाटा ठरला, गॅलरी किंवा लिलावातून विकलं तर ५०,००० युरोपर्यंतच्या किमतीवर साधारण ४ टक्के, पुढे दर उतरत जातो आणि एका विक्रीला जास्तीत जास्त १२,५०० युरो. चित्रकाराकडून थेट घेतलं तर हा हिशोब लागत नाही, तेच चित्र उद्या गॅलरीतून पुन्हा विकायला काढलं की लागतो, फार स्वस्तातलं असेल तर सोडून.