दोन अक्षरांमधली ती लुकलुकणारी रेघ

आत्याला मराठीत टाइप करायला शिकवत होतो. पत्रात एक शब्द राहून गेला होता. मी म्हटलं, "कर्सर तिथे ने आणि लिही." तिने माऊसचा बाण अगदी बरोबर त्या जागेवर नेला आणि लिहायला सुरुवात केली. अक्षरं उमटली ती मात्र पत्राच्या शेवटी. "अरे, मी तर तिथेच नेला होता!" ती म्हणाली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझ्या शब्दात होती. पडद्यावर दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि आपण दोघींनाही कर्सर म्हणतो.

माऊसबरोबर फिरतो तो बाण म्हणजे कर्सर. मजकुरात उभी राहून लुकलुकते ती बारीक रेघ म्हणजे कॅरेट. विंडोजसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हा फरक पाळावाच लागतो, कारण तिथे दोन्हींसाठी स्वतंत्र आज्ञा आहेत. वेबपानावर त्या रेघेचा रंग बदलायचा तर पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतल्या गुणधर्माचं नावही 'कॅरेट-कलर' असंच आहे. अॅपलने तिला 'इन्सर्शन पॉइंट', म्हणजे भर घालण्याची जागा, असं नाव दिलं. वापरणाऱ्यांपर्यंत मात्र कॅरेट हा शब्द फारसा पोचलाच नाही.

सोनाराकडचा कॅरेट वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही. हा कॅरेट लॅटिन क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ 'उणं आहे', 'कमी आहे'. मुद्रितशोधक ओळीत शब्द गळला की त्या जागी खाली टोकदार खूण करतात आणि गळलेला शब्द वर किंवा समासात लिहितात. त्या खुणेचं नाव कॅरेट. इथे काहीतरी हवं होतं, एवढंच ती सांगते. कीबोर्डवर सहाच्या आकड्याबरोबर असलेल्या ^ या चिन्हालाही लोक कॅरेट म्हणू लागले ते याच आकारामुळे.

ही खूण आपल्याकडेही फार जुनी आहे. हस्तलिखित पोथ्यांमध्ये लेखकाकडून अक्षर सुटलं की तो त्या जागी पक्ष्याच्या पावलासारखी खूण करायचा आणि सुटलेलं अक्षर समासात लिहायचा. तिला काकपद म्हणत, हंसपदही म्हणत. मला हंसपद हा शब्द फार आवडतो. पडद्यावरच्या रेघेलाही तो सहज लागू पडतो, कारण काम तेच आहे.

लुकलुकणं नंतर आलं. स्पेरी रँड या कंपनीतले अभियंते चार्ल्स कीसलिंग यांनी लुकलुकणाऱ्या कर्सरच्या पेटंटसाठी १९६७ मध्ये अर्ज केला आणि १९७० मध्ये ते मंजूर झालं. भरगच्च मजकुरात स्थिर खूण हरवते, उघडझाप करणारी चटकन दिसते. विंडोजमध्ये ही रेघ मुळात ५३० मिलिसेकंद दिसते आणि तितकाच वेळ नाहीशी होते, म्हणजे साधारण सेकंदाला एक उघडझाप.

पण खरा बदल घडला तो ही रेघ दोन अक्षरांच्या मधे उभी राहिली तेव्हा. झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात सत्तरच्या दशकात ब्राव्हो नावाचा संपादक-प्रोग्राम होता. त्यात लिहिण्याआधी 'आता भर घालतोय' असं संगणकाला सांगावं लागे, नाहीतर प्रत्येक अक्षर ही आज्ञा ठरे. कुणी ते न सांगता इंग्रजीत 'एडिट' हा शब्द टाइप केला तर ई म्हणजे सगळं निवडा, डी म्हणजे खोडा, आय म्हणजे भर घाला, आणि उरला टी. सगळा मजकूर जाऊन पानावर एकटा टी राहायचा! याच केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' हा प्रोग्राम केला, आणि तो केला पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या गिन या प्रकाशनसंस्थेच्या संपादकांसाठी. ही मंडळी रोज कागदावर खुणा करणारी. जिप्सीत दोन अक्षरांच्या मधे क्लिक करायचं आणि थेट लिहायला लागायचं, आधी काहीच सांगायचं नाही. आज आपण सगळे असंच लिहितो.

आता मराठीकडे येऊ. रेघ दोन अक्षरांच्या मधे उभी राहते खरी, पण आपल्याकडे अक्षर कशाला म्हणायचं? 'स्त्री' लिहून पाहा. डोळ्यांना ते एक अक्षर दिसतं, संगणकाकडे मात्र सहा चिन्हं साठवलेली असतात: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. रेघ शब्दाच्या शेवटी ठेवून बॅकस्पेस दाबा. बहुतेक ठिकाणी आधी वेलांटी जाते आणि 'स्त्र' राहतं. मग 'स्त्', मग 'स्त', मग 'स्', मग 'स' आणि सहाव्यांदा काहीच नाही. आता पुन्हा 'स्त्री' लिहा, रेघ शब्दाच्या आधी नेऊन डिलीट दाबा. काही प्रोग्राममध्ये अख्खं अक्षर एका फटक्यात जातं. हे मुद्दाम असं ठेवलेलं आहे. आताच टाइप केलेली वेलांटी चुकली तर तेवढीच पुसता यावी म्हणून बॅकस्पेस एकेक चिन्ह मागे जातो.

'कि' तर आणखी वेगळा. आपण आधी क टाइप करतो आणि मग वेलांटी, पण पडद्यावर वेलांटी डावीकडे जाऊन बसते. त्या दोघांच्या मधे रेघ उभी करायला जागाच नाही, म्हणून ती अख्ख्या अक्षराला वळसा घालून पुढे जाते.

बाणाची कळ दाबल्यावर रेघेने कुठे थांबावं, याचे नियम युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची चिन्हं संगणकात कशी साठवायची ते ठरवणाऱ्या मानकात, लिहिलेले आहेत. बरीच वर्षं त्या नियमांनुसार 'स्त्री'चे तीन तुकडे पडत: स्, त् आणि री. २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ ने देवनागरी जोडाक्षर अखंड धरायचा नियम घातला. सगळे प्रोग्राम अजून तो पाळत नाहीत. तुमच्या फोनवर आणि संगणकावर 'स्त्री' लिहून कळेने मागेपुढे फिरून बघा, रेघ एका पावलात पलीकडे जाते की तीन पावलं टाकते.