पॉशमधली 'महिला' आणि पॉशमधली 'व्यक्ती'

पुण्यात आयटीत असणाऱ्याला पॉशचं, म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या 2013 च्या कायद्याचं, ट्रेनिंग काय ते सांगायला नको, वर्षातून एकदा लिंक येते, व्हिडिओ डबल स्पीडने पळवायचा, शेवटी प्रश्न, की सर्टिफिकेट हातात. आमच्या खराडीच्या ऑफिसात पॅन्ट्रीतल्या मायक्रोवेव्हच्या वर छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीचा बोर्ड आहे, त्यावर लिहिलंय 'कोणताही कर्मचारी तक्रार करू शकतो'. हे वाक्य कंपनीच्या पॉलिसीतलं आहे. कायद्यात तक्रार फक्त महिलेलाच करता येते.

कामाच्या ठिकाणच्या छळाबद्दल सुप्रीम कोर्टाने 1997 मध्ये घालून दिलेली विशाखा तत्त्वं सगळ्यांना माहितीयेत, ती सोडतो. 2010 चं पॉशचं विधेयक आलं तेव्हा त्यात घरकाम करणाऱ्या बायकाच नव्हत्या, त्यांना आत घ्यायचं की नाही यावरच बरीच ओढाताण झाली, पुरुषांनाही तक्रार करता यावी का हा विषय फार मागे राहिला. मग फेब्रुवारी 2013. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर घाईने वटहुकूम निघाला आणि त्यात बलात्काराची व्याख्याच लिंगनिरपेक्ष केली, म्हणजे आरोपी कोणीही, पीडित कोणीही. महिला संघटना भडकल्या, की बाईने तक्रार केली की पुरुष उलटी तक्रार ठोकणार, आणि मला विचाराल तर ती भीती अगदीच पोकळ नव्हती. एप्रिलमध्ये कायदा झाला तेव्हा आरोपी पुन्हा पुरुष, पीडित पुन्हा बाई. पॉशचं विधेयक राज्यसभेत मंजूर झालं ते नेमकं याच धामधुमीत, 26 फेब्रुवारीला.

आता खरी गंमत. पॉशमध्ये तक्रारदार 'पीडित महिला' आहे, पण जाबदाराची, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची, व्याख्या करताना शब्द वापरलाय 'व्यक्ती'. मुद्दाम की सहज, काय माहित, पण वर्षानुवर्षं सगळे तिथे पुरुषच वाचत आले. 2020 मध्ये कोलकात्यातल्या एका प्रकरणात बाईने बाईविरुद्ध केलेली तक्रार हायकोर्टात गेली, जिच्याविरुद्ध तक्रार होती तिचं म्हणणं असं की समोरची बाई असेल तर पॉश लागूच होत नाही. कोर्ट म्हणालं, व्यक्ती म्हणजे व्यक्ती, तक्रार चालणार. एका शब्दाने अर्धा दरवाजा उघडला! पण फौजदारीत तसं नाही, जुन्या दंड संहितेच्या लैंगिक छळाच्या कलम 354अ मध्ये 'पुरुष' होता आणि 2024 पासूनच्या न्याय संहितेत कलम 75 ला पण 'पुरुष'च आहे, म्हणजे बाई बॉसने बाईला छळलं तर समितीकडे जाता येतं, पोलिसात हे कलम लागत नाही.

मधल्या काळात कॉलेजं पुढे गेली. उच्च शिक्षणासाठीचे नियम 2016 ला लागू झाले, त्यात काही मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थी यांनाही धोका असतो हे स्पष्ट लिहिलंय. तोच मुलगा पास होऊन हिंजवडीच्या आयटी कंपनीत जॉइन झाला की त्याच्यासाठी उरते ती कंपनीची पॉलिसी. तिच्या जोरावर समिती त्याला ऐकून घेईल, पण साक्षीदार बोलावण्याचे कायद्याने दिलेले अधिकार किंवा 90 दिवसांत चौकशी संपवायचं बंधन त्याच्या तक्रारीला नाही. आणि दहापेक्षा कमी लोकांच्या ठिकाणी ऑफिसची समिती नसतेच, बायकांची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, तिथे कुठलीच पॉलिसी नाही, म्हणजे लक्ष्मी रोडवरच्या दुकानातल्या पोराला मायक्रोवेव्हवरचा बोर्डसुद्धा नाही.