घरगुती रंगीत साबणनिर्मिती

खाद्यतेले आणि कॉस्टिक सोडा यांपासून, यंत्रसामग्रीशिवाय, घरीच रंगीत अंगसाबण तयार करण्याची पद्धती. तेलातील मेद व सोडा यांच्या संयोगातून साबण आणि ग्लिसरीन निर्माण होते. या क्रियेस साबणीकरण म्हणतात. तयार सोप बेस वितळवून त्यात रंग व सुगंध मिसळण्याची सोपी रीतही रूढ आहे, परंतु तीत साबणीकरण आधीच झालेले असल्यामुळे करणाऱ्याच्या हाती केवळ सजावट उरते.

प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. उदाहरणार्थ, ४०० ग्रॅम खोबरेल, ५०० ग्रॅम शेंगदाणा तेल आणि १०० ग्रॅम एरंडेल यांसाठी सुमारे १५४ ग्रॅम शुद्ध सोडा लागतो. प्रत्यक्षात तो ५ टक्के कमी, म्हणजे सुमारे १४६ ग्रॅम घेतात, जेणेकरून थोडे तेल मुक्त राहून साबण त्वचेला रखरखीत लागत नाही. सर्व मापे वजनानेच घ्यावीत. सोडा सुमारे ३०० ग्रॅम पाण्यात हळूहळू टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण मिश्रण उसळून अंगावर येते. हातमोजे व चष्मा अनिवार्य आहेत, आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी प्रसिद्ध असली तरी या कामी ती वर्ज्य आहेत: सोडा पितळेतील जस्तावर क्रिया करतो आणि तांब्याच्या अंशाने साबण लवकर खवट होतो. ॲल्युमिनियमचे भांडे तर सोडा खातोच, शिवाय ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. स्टीलचे भांडे सुरक्षित असते.

खरी कसोटी रंगाची असते. साबण अल्कधर्मी असल्याने फुला-फळांचे बहुतेक रंग त्यात टिकत नाहीत: बीट व जास्वंद तपकिरी पडतात, आणि द्राक्षांच्या नाशिक जिल्ह्यात साहजिकच सुचणारी रेड वाइनही, उकळून मद्यार्क घालवून व पूर्ण थंड करून वापरली तरी, आपली लाली गमावून मातकट होते. हळद सोड्याच्या संपर्कात लालसर होते. चुन्याच्या संगतीने हळदीचे कुंकू होते, तोच हा गुण. साबण मुरत गेला की ती केशरी-पिवळ्या छटेवर येते, मात्र उन्हात ठेवल्यास फिकी पडते. रतनजोत (अल्कानेट या वनस्पतीची मुळी) तेलात मुरवल्यावर लाल दिसते व साबणात जांभळट होते. हा पालट प्रत्यक्ष पाहण्यासारखा असतो. मंजिष्ठेतून गुलाबी, वनस्पतिज निळीतून निळा आणि गेरूतून विटकरी रंग मिळतो. यांत गेरू सर्वांत भरवशाचा, कारण तो लोहाचे ऑक्साइड असल्याने त्याच्यावर ना सोड्याचा परिणाम होतो, ना उन्हाचा. रंगपंचमीचा गुलाल किंवा खाण्याचा रंग मात्र वापरू नये. पहिल्याची घटकद्रव्ये बहुधा ज्ञात नसतात आणि दुसरा साबणात बदलतो, पसरतो.

तेल व सोड्याचे पाणी कोमट झाल्यावर एकत्र घुसळतात. मिश्रण पातळ पिठल्याइतके दाटले, की त्याचे भाग करून रंग मिसळतात. थर हवे असल्यास प्रत्येक थर थोडा घट्ट होऊ द्यावा लागतो. लहरी हव्या असल्यास पातळ मिश्रणच साच्यात ओतून काडीने फिरवतात.

एक-दोन दिवसांनी वड्या कापून त्या ४ ते ६ आठवडे सावलीत, हवेशीर जागी मुरवतात. म्हणून दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी साबण हवा असेल, तर गणेशोत्सवातच साचे भरावे लागतात. नाशिकमध्ये हे दिवस पावसाळी, दमट असल्यामुळे वड्या कागदावर एकमेकींपासून सुट्या मांडून पंख्याखाली ठेवणे आणि दर आठवड्यास पालटणे आवश्यक ठरते. तसे न केल्यास ग्लिसरीन हवेतील ओलावा ओढून घेते व वड्यांना घाम येतो.