सायप्रसची हिरवी रेघ १९७४ची नाही

१९७४मध्ये तुर्की सैन्य उतरलं आणि सायप्रस दुभंगला, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. डिसेंबर १९६३मध्ये ग्रीक आणि तुर्की सायप्रियटांत झालेल्या हिंसाचारानंतरच एका ब्रिटिश अधिकाऱ्याने राजधानी निकोसियाच्या नकाशावर दोन्ही समाजांना वेगळं करणारी हिरवी रेघ ओढली. १९६४मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिचं नेतृत्व करतानाच आपले जनरल थिमय्या १९६५मध्ये तिथे वारले. दोन्ही समाजांची बोलणीही १९६८पासूनची! १९७४ने लाखोंना घरादारातून उठवलं, ती जखम खोलच. पण त्याआधी दहा वर्षं वस्त्यांत कोंडलेल्या तुर्की सायप्रियटांना वगळणं अन्यायाचं आहे. २०१७मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्राँ-मोंताना इथे फिसकटलेली बोलणी पुन्हा सुरू व्हावीत म्हणून संयुक्त राष्ट्रांनी मारिया आंखेला होल्गीन यांना २०२४मध्ये आणि पुन्हा २०२५मध्ये दूत नेमलं. सुरक्षेच्या हमीचा विषय निघाला की ग्रीक बाजू १९७४ आठवते, तुर्की बाजू १९६३.