तेरची पांढरी माती आणि पोर्सेलीनचं चाक

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. गावातल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर सापडलेल्या वस्तू या माणसाने आयुष्यभर जमवल्या, त्यांतून ते उभं राहिलं. तिथे सातवाहनकाळातल्या लाल भाजक्या मातीच्या वस्तूंबरोबर पांढऱ्या मातीच्या लहान मूर्तीही आहेत. ही पांढरी माती म्हणजे केओलिन. चिनी कारागिरांनी पुढे ज्या मातीतून पोर्सेलीन, म्हणजे उजेड आरपार जाऊ देणारी पातळ पांढरी भांडी, घडवलं, ती हीच. पैठणलाही अशा मूर्ती मिळाल्या आहेत. त्यामुळे चाकावर पोर्सेलीन शिकवणाऱ्या निवासी शिबिरांच्या जाहिराती पाहून ‘हे आपल्याकडचं नव्हे’ असं कुणी म्हणालं, की मी त्याला आधी तेरला जायला सांगतो.

त्या मूर्ती पोर्सेलीन मात्र नाहीत. त्या दोन साच्यांत माती दाबून, अर्धे भाग जोडून केलेल्या आहेत. चाकाचा तिथे संबंध नाही. माझा अंदाज असा, की कारागिराला मातीचा स्वभाव ठाऊक होता. शुद्ध केओलिनला चिकटपणा कमी, ती चाकावर वर ओढली की फाटते. साच्यात मात्र निमूट बसते. दुसरी अडचण आचेची. कुंभाराच्या उघड्या आव्यात, म्हणजे भट्टीत, फार तर 700 ते 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापमान जातं. पोर्सेलीनला 1280 ते 1300 अंश आणि कधी त्याहूनही जास्त लागतात. शिवाय नुसतं केओलिन तेवढ्या आचेतही वितळून एकजीव होत नाही. त्याला फेल्डस्पारसारख्या वितळणाऱ्या दगडाची पूड लागते. तेरला माती होती, चाकही होतं. ती पूड आणि ती आच नव्हती.

चीनमध्ये हे सगळं सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराला जुळून आलं. पुढे जिंगदेझेन हे गाव पोर्सेलीनची राजधानी झालं. 1004 मध्ये सम्राटाच्या कालगणनेवरून त्याला हे नाव मिळालं. तिथली कामाची वाटणी शिबिरार्थींनी जरूर समजून घ्यावी. चाकावर भांडं ओढणारा वेगळा, वाळल्यावर खरवडून पातळ करणारा वेगळा, तळाचा पाय कोरणारा वेगळा. 1637 च्या एका चिनी तंत्रग्रंथात एक भांडं पुरं होईपर्यंत 72 हातांतून जातं असा हिशेब दिला आहे. शिबिराला येणारा माणूस ते 72 हात एकटाच व्हायला बघतो आणि तिसऱ्या दिवशी रडकुंडीला येतो, यात नवल काय? युरोपला तर हे कोडं 1708 च्या आसपास सुटलं, तेही जर्मनीतल्या सॅक्सनीच्या अधिपतीने बॉटगर नावाच्या किमयागाराला जवळजवळ कैदेत ठेवून राबवलं तेव्हा. 1710 मध्ये तिथल्याच माइसेन गावी पोर्सेलीनचा कारखाना निघाला.

इकडे दख्खनमध्ये चिनी भांडी ही दरबारी चैन राहिली. दौलताबादच्या किल्ल्यातला चिनी महाल बघायला लोक जातात आणि चिनी मातीची इमारत शोधतात. प्रत्यक्षात भिंतीवर निळ्या-पांढऱ्या झिलईच्या फरशांचे थोडे अवशेष दिसतात. 1687 मध्ये गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने तिथल्या शेवटच्या कुतुबशहाला, अबुल हसन तानाशहाला, इथेच कोंडलं होतं.

एकोणिसाव्या शतकात मराठवाड्याचा धागा पुन्हा मातीच्या भांड्यांना जाऊन मिळाला, पण मुंबईमार्गे. जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी 1872 पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्याच शाळेत जॉर्ज टेरी यांनी कुंभारकामाचा विभाग चालवला, सिंधमधून झिलईकाम जाणणारे कारागीर आणले, आणि अजिंठ्यातली नक्षी फुलदाण्यांवर उतरली. त्या फुलदाण्या परदेशांत पोचल्या. अंगाने मात्र त्या साध्या भाजक्या मातीच्याच. आपल्या घरातली लोणच्याची ‘चिनी मातीची’ बरणीसुद्धा पोर्सेलीन नसते. ती स्टोनवेअर, म्हणजे चढ्या आचेवर घट्ट झालेली पण अपारदर्शक माती. पोर्सेलीनची पातळ वाटी उजेडासमोर धरली की पलीकडच्या बोटांची सावली दिसते.

गावच्या कुंभाराचं काम या सगळ्याशेजारी आपल्या वाटेने चालू राहिलं. बलुत्यात रांजण, माठ, घटस्थापनेचे घट, पोळ्याचे बैल, येळवशीला (वेळ अमावास्येला) अंबिलाची बिंदगी. काळ्या-तांबड्या मातीत राख आणि लीद मिसळायची, काठीने जड चाक फिरवायचं, भांड्याचं तोंड चाकावर घडवायचं आणि पोट थापटण्याने बडवून फुगवायचं. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कच्चं मडकं कोण ते ओळखलं, ही गोष्ट मराठवाड्यात पोराटोरांना पाठ असते. पोर्सेलीनवालेही हीच पारख करतात: नीट भाजलेली वाटी टिचकीसरशी खणखणते, आच कमी पडली असेल तर बद्द वाजते.

हौशी माणसाने काही दिवस राहून हे काम शिकावं, ही रीत मात्र अलीकडची. 1919 मध्ये जपानला जाऊन कुंभारकाम शिकलेले सरदार गुरुचरण सिंग यांनी 1952 मध्ये दिल्ली ब्लू पॉटरी सुरू केली. पुढे त्यांच्या घराण्यामुळे हिमाचलमधल्या अंद्रेट्टालाही मुक्कामाचं शिक्षण चालू लागलं. 1971 मध्ये डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी पुदुच्चेरीला गोल्डन ब्रिज पॉटरी उभारली. देशातल्या कितीतरी स्टुडिओ-कुंभारांचं शिक्षण तिथलं. आपल्याकडच्या शिबिरांना वळण मिळालं ते या ठिकाणांवरून. गावच्या कुंभारवाड्यावरून नाही. ही गोष्ट मला खटकते. ज्यांच्या हाताला चाकाची पिढीजात सवय आहे, त्यांना अशा शिबिरात बहुधा तासाभराच्या प्रात्यक्षिकापुरतं बोलावतात.

अर्थात सवयीचा हातही पोर्सेलीनवर आधी अडखळतो. ही माती बोटांना चक्का मळल्यासारखी लागते. पाणी जरा जास्त झालं की गोळा बसकण मारतो, म्हणून कमी पाणी आणि कमी वेळ. गोळा पटकन मध्यावर आणायचा, तळ दाबून घट्ट करायचा, नाहीतर भाजल्यावर तिथे एस आकाराची भेग पडते. भिंत मुद्दाम जाड ठेवायची आणि अर्धवट वाळल्यावर खरवडायची. आटही मोठी: 15 टक्के धरली तर 10 सेंटिमीटरची वाटी भट्टीतून साडेआठची होऊन येते. नेहमीचं मिश्रण साधारण निम्मं केओलिन, पाव फेल्डस्पार, पाव गारगोटीची पूड. चाकावर ताण सोसावा म्हणून त्यात दोन-तीन टक्के बेंटोनाइट ही चिकट माती घालतात. गंमत म्हणजे बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज आपल्या काळ्या मातीतल्या फुगणाऱ्या चिकणमातीच्याच कुळातलं आहे. पावसात शेतात बुटाला जे चिकटतं आणि उन्हाळ्यात ज्याच्या भेगांत हात जातो, तेच. मात्र काळ्या मातीत लोह असतं, त्यामुळे ती थेट वापरता येत नाही. पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग उठतात.

म्हणून मराठवाड्यात शिबिर भरवायचं तर दोन गोष्टी आधी बघाव्यात. तांबड्या मातीचं चाक, पाटे, फडकी वेगळी ठेवायची. आणि मार्च ते मे सोडायचे: कोरड्या झळांनी वाटीची कड तळाच्या आधी सुकते आणि तडकते, वर वाऱ्याने शेतातली धूळ ओल्या भांड्यांवर बसते ती निराळीच. श्रावणापासून दिवाळीपर्यंतची दमट हवा बरी, फक्त भांडी पुरती वाळल्याशिवाय भट्टी पेटवण्याची घाई करू नये.