जनगणनेचं शहर आणि नगरपालिकेचं शहर

‘अमुक गावाला जनगणनेत शहराचा दर्जा मिळाला’ ही बातमी वाचली की माझं डोकं फिरतं. जनगणना कुणाला दर्जा देत नाही. ती माणसं मोजते आणि गावाचं नाव एका यादीतून काढून दुसऱ्या यादीत टाकते. पण बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच, ‘आता घरपट्टी वाढणार का हो?’

नगरपालिकेचं शहर काय असतं ते सांगत बसत नाही. वॉर्ड, नगरसेवक, मुख्याधिकारी, निवडणुकीच्या तोंडावर पडणारं डांबर, सगळं तुमच्या ओळखीचं आहे. एवढंच ध्यानात ठेवा की हे शहर राज्य सरकारच्या अधिसूचनेतून जन्माला येतं. तिथे माणसं फार असलीच पाहिजेत असंही नाही. माथेरानची लोकसंख्या २०११ मध्ये ४,३९३ होती, पन्हाळ्याची त्याहून कमी; दोन्हीकडे नगरपरिषद आहे. २०१४ नंतर आपल्याकडे तालुक्याच्या गावांतल्या ग्रामपंचायती धडाधड नगरपंचायती झाल्या. त्यातल्या काही ठिकाणी बाजारपेठ संपली की लगेच शेताचे बांध लागतात.

जनगणनेच्या शहराला अधिसूचना लागत नाही. तीन अटी पुरतात: किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि वर्षातले निदान सहा महिने काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या धंद्यात. तिसऱ्या अटीतला ‘पुरुषांपैकी’ हा शब्द पुन्हा वाचा. बाप टेम्पो चालवतो, मुलगा कंपनीत जातो, आई आणि सून चिखलात उभ्या राहून भात लावतात. या घराची गणती गावाला शहराकडे ढकलते, कारण लावणी करणाऱ्या दोघी त्या हिशेबात नाहीतच. मला ही अट कधीच पटली नाही.

आता ‘शहरं वाढली म्हणजे लोंढे आले’ या लाडक्या वाक्याकडे येऊ. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशातल्या जनगणना शहरांचा आकडा १,३६२ वरून ३,८९४ वर गेला. नगरपालिका, महापालिका वगैरे असलेली शहरं ३,७९९ वरून ४,०४१, म्हणजे जेमतेम हलली. नव्याने यादीत चढलेल्या कितीतरी गावांत बाहेरून फारसं कुणी आलं नव्हतं. लोक होते तिथेच राहिले, फक्त नांगर सुटला आणि हातात स्टिअरिंग, पाना किंवा दुकानाची चावी आली. ते ‘शहरी’ झाले, पण स्थलांतरित नाही झाले. शहरी टक्का वाढलेला दाखवून परप्रांतीयांवर घसरणाऱ्यांनी आधी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत.

गोवा बघा. २००१ मध्ये जेमतेम निम्मी वस्ती शहरी होती, २०११ मध्ये ६२ टक्के झाली. त्या जनगणनेत सगळ्यांत शहरी राज्य गोवाच. पण पणजी महापालिका आणि नगरपालिका मिळून चौदा, त्या दोन्ही वेळी चौदाच. बाकीची ५६ ‘शहरं’ पंचायतीच चालवत होत्या. कळंगुट त्यातलंच. पर्वरीला तर राज्याची विधानसभा भरते, आणि गावचा कारभार मात्र पंचायतीकडे.

म्हणजे यादीत नाव गेल्यावर काय बदलतं? कारभाराच्या दृष्टीने काहीच नाही. सरपंच तोच, ग्रामसभा तीच, ग्रामीण घरकुल योजनाही चालूच. आणि घोळ इथेच आहे. पैसा आधी येतो, गटार मागून येतं, कधी येतच नाही. हिंजवडीत आयटी पार्क उभं राहून पाव शतक झालं. पार्कचं एमआयडीसी बघते, पण भोवतालच्या टॉवरांचा कचरा, सांडपाणी आणि रस्ते इतकी वर्षं ग्रामपंचायतीच्या गळ्यात. पाच-दहा हजारांच्या गावासाठी आखलेली ही यंत्रणा. तिच्याकडे ना अग्निशमन दल, ना नगररचनेचा माणूस.

आमच्याकडेही तेच. सकाळी सहाला टँकर रिव्हर्स घेताना वाजतो, त्यावर अख्खी सोसायटी उठते. पगार शहरातला, पाणी टँकरचं.

माझं मत विचाराल तर नगरपरिषद व्हावी, आणि वेळेत व्हावी. विरोध करणाऱ्यांना मात्र अडाणी समजू नका. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं २०१७ मध्ये पुणे महापालिकेत घेतली. पुण्याचा कचरा तिथे आधीपासून जातच होता. मग मिळकतकराची बिलं आली, सोयी काही त्या मानाने आल्या नाहीत, आणि शेवटी दोन्ही गावं वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली.

तुमचं शहर कुठलं, हे ओळखायला जनगणनेचे तक्ते उघडायची गरज नाही. कपाटातली घरपट्टीची पावती काढा आणि शिक्का वाचा. माझा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, खाली जिम आहे. उतारा ‘नमुना आठ’चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीतला, आणि त्यावर सही ग्रामसेवकाची. त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं.